अशी बाई आमच्या वाडीत न्हाई

नलिनीवहिनीच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, तीही एकेरी विटेची. तिकडं फोडणी पडली की ठसका इकडं लागतो, आणि इकडं मी काही बोललो की उत्तर तिकडून येतं. वहिनीचा नवरा शंभू माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. म्हणजे मी धाकटा दीर, आणि भावजयीची थट्टा करायचा धाकट्या दिराला आमच्याकडं जन्मजात हक्क असतो. तो मी सत्तावीस वर्षं एकही सुटी न घेता बजावला. आमची बायको रजनी म्हणते, "तुमचं तोंड आन् पिरंगुटच्या चौकातले हॉर्न, दोनी मरेस्तोवर बंद व्हायचे न्हाईत."

ही हकिकत त्या तोंडाचीच आहे. पण आधी वहिनी.

वहिनी सत्तेचाळीसची. उंचीनं बेताची, अंगानं काटक, आणि पाय असे की शेळीनं लाजून वाट सोडावी. चढ लागला की माणसं गप्प होतात. वहिनीला चढावरच बोलायला सुचतं. आमच्या शेडगेवाडीच्या पाठीशी नाकाडा डोंगर आहे. त्याचा माथा गाठायला पुण्याच्या पोरांना अडीच तास लागतात, त्यातला एक तास फोटोंचा. वहिनी पाऊण तासात वर असते आणि तिथून शंभूला हाक मारून सांगते की गॅस बंद करा, दूध उतू जाईल.

तिचं माहेर धरणाच्या पार त्या अंगाला, घाटमाथ्यावर, बारा घरांचं. बाप हिरडा गोळा करून विकायचा आणि पोरीला बरोबर न्यायचा. डोंगर जिथं तुटतो तिथल्या झाडांखाली हिरडे जास्त पडतात म्हणे. तिथं उभं राहिलं की खाली सगळं धुकट दिसायचं. पोर विचारायची, "बा, ह्याच्या पलीकडं काय हाय?"

"कोकण."

"त्याच्या पलीकडं?"

"दर्या."

"त्याच्या पलीकडं?"

"त्याच्या पलीकडं आपल्या कामाचं काय न्हाई. हिरडं येच."

हे वहिनी हसत हसत सांगते. पण बापाचं शेवटचं वाक्य आलं की आवाज खाली जातो, आणि हात जे काही करत असतील ते करायचे थांबतात.

लग्नात आमच्याकडं नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. शंभूनं त्याच्या थोरल्या बहिणीनं पढवलेलं 'नलिनी' लिहिलं. ताट धरायला मी होतो. लिहून झाल्यावर मी ते मुद्दाम जरा हलवलं, निम्मं नाव पुसलं, शंभूला परत लिहावं लागलं आणि मांडव हसला. ती माझी पहिली थट्टा. नवरीचं आधीचं नाव मी त्या दिवशी ऐकलं असणारच. संध्याकाळी ते तांदूळ भातात गेले, आणि नाव कुठं गेलं कोणी विचारलं नाही.

तर आठ वर्षांपूर्वी एका धुक्याच्या दिवशी वहिनीची म्हैस डोंगरावर चुकली. ती शोधायला वहिनी गेली आणि संध्याकाळी परत आली ती वाट चुकलेली अकरा पोरंपोरी मागं घेऊन, सगळ्यांचे गुडघे चिखलानं माखलेले. मी पडवीतून विचारलं, "वहिनी, म्हैस सापडली का?"

"एक शोधाय गेले भावजी, अकरा सापडली. दूध मातुर एकबी द्यायची न्हाई."

ही पोरं म्हणजे बावधनचा निषाद, कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा. उरवड्याची सायली, तिथल्याच एका कारखान्यात माल तपासायला असणारी. आणि त्यांचे दोस्त. त्या रात्री त्यांनी वहिनीच्या चुलीपुढं पिठलं-भाकरी खाल्ली आणि कायमची चिकटली. दर महिन्याला यायची. वहिनी पुढं, पोरं मागं. पुढं पोरं हिमालयात जायला लागली. परत आली की आधी वहिनीकडं, फोनमधले फोटो दाखवायला. वहिनी बोटानं फोटो सरकवायची आणि वैतागायची. "जिकडं बघंल तिकडं तुमचीच तोंडं! बाजूला व्हा की रं, मागचं दिसू द्या." आणि मग नेहमीचा प्रश्न, "चढून गेल्यावर पलीकडं काय दिसलं?"

कोणालाच धड सांगता यायचं नाही. "भारी होतं, मावशी," म्हणायची.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत पोरांनी परदेशी जायचं ठरवलं. किरगिझस्तान. विमानानं जायचं, पाठीवर तंबू घेऊन आठ दिवस डोंगर तुडवायचे, घोडे पाळणाऱ्या लोकांच्या शेजारी मुक्काम करायचा आणि बर्फातली एक मोठी खिंड ओलांडायची. वाडीत ते नाव कोणालाच घेता येईना. शंभू शेवटपर्यंत 'तो तुमचा स्तान' म्हणत राहिला.

इथवर मला माहीत होतं. पुढचं मागाहून कळलं, आणि तेच आधी कळलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

सायली वहिनीला म्हणाली होती, "मावशी, तुम्हीपण चला."

"कशाला गं? सैपाकाला?"

"न्हाई. चालायला."

हे शंभू सांगतो. भाकरी तव्यावर करपली, जी तिच्या हातून कधी करपत नाही. हिरड्याला, सरपणाला, म्हशीमागं, पाहुण्यांपुढं, अशी ती जन्मभर डोंगर चढली होती. नुसतं चालायला कोणी बोलावलं नव्हतं. तिकिटाचं आम्ही बघतो, पोरं म्हणाली, सात वर्षं तुमचं खातोय. तुम्ही फक्त पासपोर्ट काढा.

वहिनीनं एकच अट घातली. "भिंतीपलीकडं कळता कामा न्हाई."

भिंतीपलीकडं म्हणजे मी.

तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मला कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलो असतो तिथं सांगितलं असतं, पौडला न्हाव्याकडं सांगितलं असतं, आणि येताजाता 'काय विमानवाल्या वहिनी' म्हटलं असतं. आणि जाणं झालं नसतं तर आणखी सत्तावीस वर्षं म्हटलं असतं. तिला माहीत होता मी.

पण माझे डोळे काय झोपले नव्हते. वहिनी रोज पहाटे पाठीवर पिशवी घेऊन नाकाडा चढायला लागली. पिशवीत दहा किलो तांदूळ. पायात पोरांनी आणलेले जाड तळव्यांचे बूट. मधूनमधून शंभूबरोबर कागदांची फाइल काखेत धरून पुण्याला. एकदा माहेरी जाऊन शाळेचा दाखला घेऊन आली. मी दोन आणि दोन जोडून मोकळा झालो. दाखला, कागदांची फाइल, रोजचं चालणं! वहिनी ग्रामपंचायतीला उभी राहणार. तीन दिवसांत हे मी अख्ख्या वाडीत पोचवलं. आमचा पंचायत सदस्य सौरभ इतका घाबरला की त्यानं वहिनीच्या दारापुढचा फुटका पाइप न सांगता बदलून दिला.

"वहिनी, चिन्ह कोणतं घेताय? म्हैस?" मी पडवीतून विचारलं.

"व्हय. आन् तुमास्नी बांधनार हाय तिच्या जागी."

इतकंच. हसून आत गेली. मला वाटलं, आपण ओळखलं म्हणून लाजली.

फाइलमध्ये अडचण होती ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. पासपोर्टच्या कचेरीत खिडकीतल्या बाईंनी समजावून सांगितलं की राजपत्रात जाहीर करा, सगळीकडं एकच ठेवा, कोणतं ते तुम्ही ठरवा. शंभू म्हणतो, वहिनीनं दोनदा विचारलं, "मी ठरवायचं?" मग ती शंभूकडं वळली. "तुमास्नी वाईट वाटंल का?" शंभूनं डोकं खाजवलं. त्याच्या बहिणीनं एका रात्रीत सुचवलेलं नाव, त्याला वाईट कसलं वाटणार? म्हणाला, "तुला कोणतं बरं वाटतं?"

"दाखल्यावरचं," वहिनी म्हणाली.

कागद बदलायला पाच महिने गेले. तरी वेळेत बसत होतं. विमान आठ ऑगस्टचं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात फक्त पोलिसाची चौकशी राहिली होती.

तो आला तेव्हा वहिनी पोरांना घेऊन नाकाड्यावर होती, तिथं फोनला रेंज नाही. शंभू उरवड्याला कारखान्यात पहिल्या पाळीला. वाडीत दुपारी रिकामा असा एकच माणूस असतो. मी पडवीत शेंगा सोलत बसलो होतो. हवालदार गाडीवरून उतरला, रेनकोट झटकला आणि कागद बघून म्हणाला, "ठकूबाई बाळू वाळंज कुटं राहतात?"

"कोण?"

"ठकूबाई वाळंज. पासपोर्टची चौकशी हाय. फोन लागंना."

आता बघा, वाडी शेडग्यांची. वाळंज एक नाही. आणि पासपोर्ट! आमच्याकडं रेशनकार्डावर नाव चढवायला माणूस तीनदा मरून जन्माला येतो. माझ्या पोटात हसू मावेना. मी म्हणालो, "साहेब, ठकूबाई नावाची हितं म्हैसबी न्हाई. मी पन्नास वर्षं हितं राहतोय, कोणाच्या घरात किती मांजरं हायेत ते सांगतो. अशी बाई आमच्या वाडीत न्हाई."

"नक्की?"

"लिवा माझ्या नावावर. दयानंद शेडगे."

त्यानं लिहिलं. कागदावर नवऱ्याचं नाव काय आहे ते ना त्यानं वाचलं, ना मी विचारलं. मूठभर शेंगा घेतल्या आणि गेला.

एवढा चांगला किस्सा मी रात्रभर एकट्यानं ठेवणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी सप्ताहाच्या वर्गणीसाठी सगळी मारुतीच्या देवळात जमली होती, बायका पायरीशी, पुरुष आत. मी उठून उभा राहिलो आणि हवालदाराची नक्कल केली. रेनकोट म्हणून खताचं पोतं पांघरलं. "ठकूबाई कुटं राहतात?" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. मग माझ्या आवाजात, "साहेब, ठकूबाई नावाची हितं म्हैसबी न्हाई!" देऊळ हादरलं. पोरं लोळली. सौरभ डोळे पुसत होता. मला पाहिजे होतं तसंच सगळं जमलं होतं.

वहिनी नुकतीच डोंगरावरून उतरलेली, बूट हातात घेऊन पायरीच्या खाली उभी होती.

"भावजी, काय म्हनालात तुमी त्याला?"

मला वाटलं तिला परत ऐकायचंय. मी पोतं सावरून परत सांगितलं. पुन्हा हशा. ती हसली नाही.

"त्यानं लिवून घेतलं?"

"माझ्या नावासकट!"

वहिनीनं बूट खाली ठेवले, जोडीनं, जसे देवळाबाहेर ठेवतात तसे. मग म्हणाली, "भावजी, ती मी."

देवळात एक पोर अजून हसत होतं. त्याच्या आईनं त्याला चापट मारली.

माझ्या हाताला एकदम लग्नातलं ते ताट लागलं. खरंच सांगतो, पितळी ताटाची ती थंड कड, आणि मांडवात कोणीतरी बाई म्हणतेय, 'ठकू हे काय नाव हाय, लिव रं नवीन.' नाव आणि माहेरचं आडनाव, दोन्ही सत्तावीस वर्षांनी आठवलं. पाच तास उशिरा.

शंभूनं धावपळ केली. निषादनं रात्रीच कॉम्प्युटरवर कायकाय भरलं. मी स्वतः ठाण्यात गेलो, हात जोडले, चुकलो म्हणालो. हवालदार भला माणूस, पण कागद पुढं गेला होता आणि गेलेला कागद वाटेतून माघारी वळत नाही. नव्यानं अर्ज, नव्यानं तारीख, नव्यानं चौकशी. जुलै त्यातच गेला.

वहिनी मला एक शब्द बोलली नाही, हे फार वाईट. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. भिंतीपलीकडून भांड्यांचे आवाज यायचे, म्हशीला 'हो हो' म्हणायचे आवाज यायचे, माझ्याजोगता एकही नाही. रजनी मला जेवायला वाढायची आणि ताट जरा जोरात ठेवायची.

आठ ऑगस्टला पोरांची गाडी आधी वाडीत आली. वहिनीनं त्यांना शेंगदाण्याची चटणी, नाचणीचं पीठ, आल्याच्या वड्या असं बांधून दिलं. तिच्यासाठी आणलेली मोठी पाठपिशवी निषादनं दाराशी तशीच ठेवली. माघारी न्यायला त्याला अवघड वाटलं असावं. सायलीचे डोळे भरले होते. "मावशी, आम्ही पुढं ढकलतो."

"गप गं. बाराव्यासाठी अकरा जणांनी थांबायचं का? जा. फक्त खिंडीत पोचलीस की नीट बघ. फोटो काढू नको, आधी बघ."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती उभी होती. मग तिनं पाठपिशवीत तांदूळ भरले, पट्टे आवळले आणि नाकाड्याच्या वाटेला लागली. पाऊस होता, वर काहीच दिसणार नव्हतं. मी थोडा मागं गेलो, पहिल्या चढापर्यंत. तिथं माझा दम संपला. ती बोलत नव्हती. चढावर वहिनी बोलत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पोरं गेल्यावर चौथ्या दिवशी तोच हवालदार परत आला. मला बघून गाडीवरूनच ओरडला, "काय शेडगे, सापडली का ठकूबाई?"

मी उठून उभा राहिलो. "सापडली साहेब. हितंच राहते. सत्तावीस वर्षं झाली." आणि साक्षीदार म्हणून सही केली. वहिनी दारात होती. हवालदारानं तिच्याकडं बघून कागद वाचला, "ठकूबाई बाळू वाळंज?" तिनं पदर सारखा केला आणि शाळेत देतात तशी हजेरी दिली, "व्हय."

पासपोर्ट आला तो पोरं परतल्यावर चार दिवसांनी.

त्याआधीच पोरं येऊन गेली होती. उन्हानं नाकं सोलून निघालेली. वहिनीच्या पडवीत चादर टांगून त्यांनी सगळे फोटो मोठे करून दाखवले. मलाही बोलावलं, वहिनीनंच रजनीला म्हटलं होतं, 'भावजींनाबी आन, न्हाईतर भिंतीला कान लावून भिंत पाडतील.' दोन महिन्यांतलं माझ्या नावचं तेवढं एक वाक्य. मी ते जपून नेलं.

तंबू दिसले, घोडे दिसले, हिरवं कुरण, निळं तळं. मग खिंड आली. बर्फात अकरा जणं हात वर करून उभी, आणि मधे एका माणसाची जागा मोकळी सोडलेली.

वहिनी त्या मोकळ्या जागेतून मागं बघायला पुढं सरकली. चादरीला नाक लागेल इतकी.

"पलीकडं काय दिसलं?"

"परत डोंगरच, मावशी," निषाद म्हणाला. "लांबपर्यंत."

"आन् त्याच्या पलीकडं?"

निषादनं सायलीकडं बघितलं. "वारा फार होता. आम्ही पाच मिनिटांत उतरलो."

"मंग काय बघितलंस रं तू?" वहिनी म्हणाली. रागानं नाही. एखाद्यानं आपल्या घरावरून जाऊन आत न डोकावता यावं, तसं. आणि बोटानं चादर चाचपत राहिली, जणू फोटो बाजूला सरकला तर मागं काही असेल.

पोरं पुढच्या वर्षी परत जाऊ म्हणतात. पण निषादला कंपनी बाहेर पाठवतेय, सायलीचं लग्न ठरतंय, उरलेल्यांत कोणाला रजा नाही. दर महिन्याची वारी आता तीन महिन्यांवर गेली. वहिनी त्यांना काही म्हणत नाही. पासपोर्ट तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलाय, पावसाळ्यात सर्दाळत नाही म्हणून. पहाटे डबा उघडल्याचा आवाज भिंतीतून येतो. दहा किलो तांदूळ काढून पिशवीत भरले जातात, आल्यावर परत डब्यात. पासपोर्ट तेवढा खाली हाताला लागत असणार.

मी आता तिला ठकूवहिनी म्हणतो. थट्टेनं नाही, मोठ्यानं, आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. पहिले काही दिवस म्हाताऱ्यांनी भुवया चढवल्या. आता शाळेतली पोरंसुद्धा ठकूकाकू म्हणतात. पुन्हा कोणी कागद घेऊन आलं तर आमची म्हैससुद्धा घर दाखवील.

परवा पहाटे डब्याचा आवाज झाला, आणि भिंतीपलीकडून कितीतरी महिन्यांनी हाक आली.

"भावजी, जागं हाय का?"

"हाय की, ठकूवहिनी."

"कोण मला इचारत आलं तर काय सांगाल?"

"हाय म्हनून सांगीन. हितंच राहते म्हनून सांगीन."

बुटांचे बंद आवळल्याचा आवाज आला. मग पिशवी पाठीवर चढल्याचा.

"आन् ती कुटं निघालीय म्हनून इचारलं तर?"

एकेरी विटेची भिंत. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला काही सुचलं नाही. बाहेर दार वाजलं, आणि पावलं चढाच्या बाजूला गेली.